जर्मनीतला ग्लायडर खान्देशात आणताना: आधी कागद, मग कंटेनर

मार्च-एप्रिलच्या दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी घारी पंख न हलवता कशा वर चढत जातात, हे रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तापलेल्या काळ्या वावरावरून उठणारी ती हवा म्हणजेच ग्लायडरचं, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाचं, इंधन. धावपट्ट्याही आपल्याकडे आहेत: धुळ्याचं गोंदूर, शिरपूरजवळचं तांडे, जळगावचा विमानतळ. या भागात इंजिनाच्या विमानांवर वैमानिक शिकतात. मग युरोपातल्या एखाद्या क्लबचा वापरलेला दोन-आसनी ग्लायडर इकडे आणता येईल का, हा प्रश्न साहजिक आहे. आणता येतो. पण कामाचा क्रम उलटा झाला, तर तोच ग्लायडर गोदामात पडलेलं महागडं फायबरग्लास होऊन बसतो.

सुरुवात विकणाऱ्यापासून करायची नाही, नोंदणी जिथे होणार तिथून करायची. १९४४ च्या शिकागो कराराच्या १८ व्या कलमानुसार विमान एका वेळी दोन देशांत वैधपणे नोंदलेलं असू शकत नाही. नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, पण एक पुसल्याशिवाय दुसरी लागत नाही. जर्मनीतल्या ग्लायडरवर 'डी' आणि चार आकडे असतात. ते पुसले गेले आणि 'व्हीटी' ही भारतीय नोंदणीची अक्षरं अजून लागली नाहीत, त्या मधल्या काळात कायद्याच्या दृष्टीने ते विमान उडण्याजोगं नसतं, नुसता माल असतो. हा काळ जेवढा आखूड तेवढं बरं. तो आखूड ठेवायचा एकच मार्ग आहे: डीजीसीएकडचे, म्हणजे भारताच्या नागरी विमान नियामकाकडचे, प्रश्न खरेदीच्या आधी निकालात काढायचे.

त्यातले तीन प्रश्न कळीचे. या प्रकारच्या ग्लायडरचं टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या आराखड्याला मिळालेली मंजुरी) भारतात स्वीकारलेलं आहे का? नसेल तर आधी ते काम, आणि ते एका ग्लायडरसाठी एकट्याने करण्यासारखं नाही. म्हणून जो प्रकार भारतात आधी नोंदला गेला आहे तोच बघावा, भले दुसरा कितीही देखणा असो. दुसरा प्रश्न वयाचा. आयात होणाऱ्या जुन्या विमानांच्या वयाबद्दल डीजीसीएचे नियम आहेत आणि ग्लायडर बाजारात तीस-चाळीस वर्षांची यंत्रं सर्रास विकायला असतात. नेमक्या सीरियल नंबरचं आणि बनावटीच्या वर्षाचं नाव घेऊन लेखी विचारा, तोंडी होकारावर पैसे पाठवू नका. तिसरा प्रश्न लोक विसरतात: दरवर्षी तपासून सही कोण करणार? त्या प्रकारावर सही करायचा अधिकार असलेला इंजिनिअर किंवा संस्था आधी शोधा, त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. देखभाल करणारा नसेल तर बाकीचं सगळं जुळूनही उपयोग नाही.

आता ग्लायडर निवडताना. विमानवाले तास विचारतात, ग्लायडरवाल्याने तासांच्या बरोबरीने उड्डाणांची संख्या विचारावी. विंचवर (जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून ग्लायडर वर चढवणं) शिकवणाऱ्या क्लबचं एक उड्डाण पाच-सहा मिनिटांचं असतं. त्यामुळे तास कमी दिसतात आणि चाकाने, हुकने, सांगाड्याने मात्र हजारो लँडिंग सोसलेली असतात. टोस्ट कंपनीच्या दोर-हुकचं ओव्हरहॉल दोर जोडण्या-सोडण्याच्या संख्येवर मोजलं जातं, म्हणून तो आकडा लॉगबुकात असायलाच हवा. अनेक जर्मन फायबरग्लास ग्लायडरांना ३००० तासांची मोठी तपासणी असते आणि त्यानंतर आयुष्य टप्प्याटप्प्याने वाढवून मिळतं. २९०० तासांचा ग्लायडर स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. सीटचे पट्टेही बघा, त्यांना साधारण १२ वर्षांची मुदत असते. जुनी दुरुस्ती असणं दोष नाही. दुरुस्ती कुणी, कोणत्या आराखड्यावर केली याचा कागद नसणं हा दोष आहे.

कागदांत काय काय हवं? मूळ लॉगबुकं अगदी पहिल्या उड्डाणापासूनची, शेवटच्या वार्षिक तपासणीचा अहवाल, ताजा वजनकाट्याचा अहवाल, बसवलेल्या उपकरणांची यादी, लागू असलेल्या सगळ्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (सुरक्षेसाठी नियामकाने काढलेल्या सक्तीच्या आदेशांची) पूर्तता दाखवणारा तक्ता, आणि उड्डाण व देखभालीची पुस्तिका इंग्रजीत. जुन्या क्लबांकडे पुस्तिका फक्त जर्मन असते. उत्पादकाकडून त्या सीरियल नंबरला लागू असलेली इंग्रजी प्रत मागवायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका. आत चिकटवलेल्या सूचनापट्ट्याही इंग्रजी हव्यात.

मापांकडे येऊ. उदाहरणाला एएसके-२१ घेऊ. जगभर शिकवायला वापरला जाणारा, १९७९ मध्ये प्रथम उडालेला दोन-आसनी. पंखांचा पसारा १७ मीटर, धड ८.३५ मीटर, रिकामं वजन ३६० किलोच्या आसपास. खोलल्यावर एकेक पंख साडेआठ मीटरच्या जवळपास भरतो. २० फुटी कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर, म्हणजे तो विषय संपला. ४० फुटीची आतली लांबी १२.०३ मीटर, रुंदी २.३५ मीटर. उंचीसाठी हाय-क्यूबच घ्या: साध्याची आतली उंची २.३९ मीटर असते, हाय-क्यूबची २.६९. ही जादा ३० सेंटीमीटर जागा पंख उभे ठेवताना आणि माणसाला वाकून पट्टे आवळताना कामाला येते. दाराची चौकट आतल्या मापापेक्षा लहान असते हे लक्षात ठेवा आणि टेप दारालाच लावा.

ग्लायडर त्याच्या स्वतःच्या बंद ट्रेलरसकट कंटेनरमध्ये ढकलणं सर्वात सुरक्षित, कारण ट्रेलरमधले आधार त्याच ग्लायडरच्या मापाचे असतात. पण भारतात ट्रेलर हा वेगळा माल ठरतो. ग्लायडर कस्टम्सच्या ८८०१ शीर्षकाखाली येतो आणि ट्रेलर ८७१६ खाली. शिवाय वापरलेल्या वाहनाच्या आयातीचे नियम आणि आरटीओची नोंदणी हे प्रश्न वेगळे. ट्रेलर रस्त्यावर ओढायचा नसेल, फक्त हँगरमध्ये ठेवायचा असेल, तरी तो बिलात स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र किमतीने दाखवा. लपवलेला ट्रेलर तपासणीत सापडला की संशय ग्लायडरवरही येतो. एकूण विचार करता लाकडी-लोखंडी चौकट बनवून सुटा ग्लायडर आणणं आपल्याकडच्यांना सोयीचं पडतं. मात्र चौकटीसाठी साधं लाकूड वापरलं, तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवाच. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूड, शिक्क्यात 'एचटी' अक्षरं. प्लायवुडला ही अट नाही, म्हणून जमेल तिथे प्लायवुड वापरा.

बांधणीवर कंजूषी करू नका. केळीचा घड ट्रकमध्ये कसा रचायचा हे आपल्याला कळतं: भार रुंद जागेवर पसरायचा, एका टोकावर नाही. पंखांचं तेच आहे. पंख पुढची कड खाली करून उभा ठेवायचा, मुळाकडे स्पारच्या (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या) भोकातून खिळीने धरायचा आणि टोकाकडच्या भागाला पंखाच्या आकाराचा, किमान ३० सेंटीमीटर रुंद, फोम-गालिचा लावलेला खोबणीचा आधार द्यायचा. अरुंद पट्टीवर पंख आठवडेच्या आठवडे टेकला तर उन्हात मऊ झालेल्या एपॉक्सीत तिथे खाच पडते. धडाचं वजन मुख्य चाकावर आणि नाकाखालच्या पाळण्यावर, आणि बांधायचं ते पंख जोडायच्या फिटिंगमधून. शेपटीच्या नळीवर रॅचेट पट्टा कधीही आवळू नका, ती नळी पातळ असते.

जहाजावर बाजूचा रेटा किती धरायचा? कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत खवळलेल्या समुद्रासाठी आडवा रेटा वजनाच्या ०.८ पट धरतात, पुढे-मागे ०.४ पट. म्हणजे ३६० किलोच्या ग्लायडरला बाजूने २९० किलोंच्या जवळपास भार सोसावा लागतो, तोही तीन-चार आठवडे पुन्हा पुन्हा. तुटतं ते सहसा मोठं काही नसतं. न अडवलेला रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) बिजागरावर हजारो वेळा हलत राहतो आणि बिजागरं ढिली होतात. म्हणून एलरॉन (पंखाचा हलणारा भाग), रडर, एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) दोन्ही बाजूंनी फोमच्या पाचरींनी अडवा, पंखातून वर येणारे एअरब्रेक बंद करून आतून कुलूपबंद करा. कॅनॉपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) जागेवरच बंद ठेवा, वर मऊ सुती आवरण, आणि तिच्यावर कशाचाही भार येऊ देऊ नका.

बबल रॅप थेट जेलकोटवर (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत रंगाच्या थरावर) गुंडाळायची चूक सर्रास होते. आत ओल अडकते आणि महिन्याभरात बुडबुड्यांची नक्षी रंगात उमटते. आधी श्वास घेणारं सुती किंवा फ्लीसचं कापड, मग बाकीचं. थंड देशातून उष्ण समुद्रात येताना कंटेनरच्या छतावर पाणी साठून थेंब गळतात. कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या भिंतींना टांगा, ग्लायडरवर ठेवू नका, कारण त्यातून गळणारं खारं पाणी फिटिंगांना गंजवतं. पाण्याच्या टाक्या असलेला ग्लायडर असेल तर त्या पूर्ण कोरड्या करून झडपा उघड्या ठेवा.

बॅटऱ्या काढून विकणाऱ्याकडेच ठेवा. लिथियमची बॅटरी धोकादायक मालात मोडते आणि एका बॅटरीपायी सगळ्या कंटेनरचे कागद बदलतात. ऑक्सिजनचा सिलिंडर तर मुळीच नको: भारतात गॅस सिलिंडरच्या आयातीला पेसोची, म्हणजे स्फोटक पदार्थ सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची, परवानगी लागते. सिलिंडर इथे मिळतो, बॅटरीही मिळते.

निघण्याच्या टोकाला जर्मनीची नागरी विमान संस्था, ब्राउनश्वाइगचं एलबीए, नोंदणी रद्द झाल्याचा दाखला देते. याच्या जोडीने निर्यातीसाठीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मागा. त्यासाठी तपासणी ग्लायडर जोडलेला असताना व्हावी लागते, म्हणून क्रम असा: वार्षिक तपासणी आणि वजन, मग निर्यात प्रमाणपत्र, मग खोलणं, मग नोंदणी रद्द. रद्दीकरणाच्या दाखल्यावर सीरियल नंबर, बनावटीचं वर्ष, प्रकाराचं नाव अक्षरन् अक्षर बिलाशी जुळलं पाहिजे. 'एएसके २१' आणि 'के २१' असा फरकही नंतर पत्रव्यवहार वाढवतो. जहाज कंपनीला भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन द्यावं लागतं, ती अट १ जुलै २०१६ पासून जगभर आहे.

विमा 'ऑल रिस्क' प्रकारचा, वाहतुकीसह किमतीच्या ११० टक्क्यांचा. त्यात जनरल ॲव्हरेजचा उल्लेख आहे ना, हे बघून घ्या. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर नुकसानीचा वाटा ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनाही भरावा लागतो. विमा नसेल तर तो भरल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. बांधणीचे फोटो प्रत्येक आधाराचे, तारखेसह, दार बंद करताना सीलच्या नंबरचाही.

कंटेनर उतरतो न्हावा-शेव्याला. केळीचे रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर इथूनच त्या बंदरात जातात, त्यामुळे क्लिअरिंग एजंट आपल्या भागातल्या अनेकांच्या ओळखीचे असतात. मात्र शेतमालाच्या निर्यातीत मुरलेला एजंट वापरलेल्या विमानाच्या आयातीत मुरलेला असेलच असं नाही. विमान किंवा विमानाचे भाग सोडवलेला एजंट निवडा आणि ग्लायडर जहाजात चढायच्या आधी त्याला सगळे कागद पाठवा. आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड), डीजीसीएची आयातीची परवानगी, बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती), रद्दीकरणाचा दाखला, विमा, आणि वापरलेला माल असल्याने मूल्यासाठी चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र. विनाइंजिनाचा ग्लायडर ८८०१ मध्ये. इंजिन असलेला मोटरग्लायडर ८८०२ मध्ये जातो आणि दर बदलतात. कर खाजगी वापरासाठी वेगळा आणि प्रशिक्षणासाठी वेगळा असू शकतो, म्हणून वापर काय आहे ते पहिल्या अर्जापासून शेवटच्या अर्जापर्यंत एकाच शब्दांत लिहा.

तपासणीच्या दिवशी आपला माणूस तिथे हवाच. सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर उघडायच्या गोदामाचे) कामगार मेहनती असतात, पण पंख कुठे धरायचा हे त्यांना माहीत नसतं, आणि मागच्या पातळ कडेला एक हात पडला तरी तडा जातो. आधीच एका पानावर चित्र काढून, मराठी-हिंदीत 'इथे धरा, इथे धरू नका' लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं बरं. सील तोडताना नंबर जुळवा. आत काही सरकलेलं दिसलं तर तिथेच थांबून नुकसान तपासणारा सर्व्हेअर बोलवा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला माल हाती आल्यापासून तीन दिवसांत गेली पाहिजे. सीएफएसचं जागाभाडं आणि कंटेनर उशिरा परत केल्याचं डिटेन्शन ही दोन वेगळी मीटरं आहेत, दोन्ही एकदम चालतात.

बंदरातच माल रिकामा करून ट्रकात चढवायचा की कंटेनर तसाच धावपट्टीपर्यंत आणायचा? कंटेनर तसाच आणा. दोनदा चढ-उतार केली की धोका दुप्पट. कसारा घाट, मग चांदवडजवळचा राहूड घाट, मालेगाव, धुळे: घाटापेक्षा गावागावातले गतिरोधक जास्त छळतात. ड्रायव्हरला वजन सांगू नका, 'काच आहे' असं सांगा. हलका माल बघून गाडी पळवायचा मोह होतो, आणि हलक्या मालावर ट्रेलरची स्प्रिंग जास्त उसळते. धावपट्टीवर डॉक नसतो आणि ट्रेलरवरच्या कंटेनरचा तळ जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच. पुरेशा क्षमतेच्या क्रेनने, चारही कोपऱ्यांच्या कास्टिंगला (उचलायच्या लोखंडी खाचांना) साखळ्या लावून कंटेनर जमिनीवर ठेवायचा आणि मग ग्लायडर बाहेर सरकवायचा. एकट्या हायड्राने (छोट्या फिरत्या क्रेनने) एका टोकाला उचलून तिरकं करायचा प्रयत्न करू नका. दहा माणसं पुरतात, पण सांगणारा एकच हवा.

आता नोंदणी. अर्ज सीए-२८, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून. सोबत खरेदीचा पुरावा, जुनी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, आयातीची परवानगी आणि कस्टम्स भरल्याचं बिल ऑफ एन्ट्री. मालकाचं नाव या प्रत्येक कागदावर एकच हवं. ट्रस्टच्या नावाने खरेदी, अध्यक्षांच्या नावाने आयईसी आणि क्लबच्या नावाने अर्ज, असं झालं की फाईल अडते, आणि ते दुरुस्त करायला कधीकधी जर्मनीतलं बिलच नव्याने करून घ्यावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे उडायची परवानगी नव्हे. त्यासाठी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राची तपासणी वेगळी, आणि तिथे निर्यात प्रमाणपत्र, डायरेक्टिव्हचा तक्ता आणि वजनाचा अहवाल यांचा खरा उपयोग होतो.

'व्हीटी' मिळाल्यावर जुनी अक्षरं काढताना हीट गन वापरू नका, जेलकोट भाजतो. कोमट पाण्याचं कापड आणि प्लॅस्टिकची पट्टी, धीराने. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पंखावरची अक्षरं किमान ५० सेंटीमीटर, धडावरची किंवा उभ्या शेपटीवरची किमान ३० सेंटीमीटर उंच. रडरवर किंवा एलरॉनवर नवा रंग चढवायचा मोह टाळा, कारण त्यांचं वजन आणि तोल पुस्तिकेतल्या मर्यादेत राहिला नाही तर वेगात ते फडफडू लागतात. रंगवलेच तर काढून, तोलून, नोंद करूनच बसवा. नोंदणीची अक्षरं कोरलेली आगीत न वितळणारी धातूची पट्टी आत लावावी लागते. उंचीमापक मीटरमध्ये असेल तर फुटांचा बसवा. वेगमापक किलोमीटरमध्ये राहिला तरी रंगीत पट्टे पुस्तिकेप्रमाणे आहेत का ते बघा.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांत देशाची ओळख दडलेली असते आणि ती बदलायचं हमखास राहून जातं. मोड-एस ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) २४ बिटांचा पत्ता देशाकडून मिळतो: जर्मनीचे ३सी ते ३एफ ने सुरू होतात, भारताचे ८० ते ८३ ने. ईएलटी (अपघातात आपोआप संकटाचा सिग्नल देणारं यंत्र) असेल तर त्यात भारताचा देश-क्रमांक ४१९ घालून पुन्हा कोड करा आणि बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात नोंदवा. नाहीतर जामनेरच्या शेतात उतरलेल्या ग्लायडरच्या मालकाची चौकशी जर्मनीत होत राहील. रेडिओला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीचा परवाना लागतो, आणि आयातीच्या वेळीही तो यादीत मॉडेल नंबरसह दिसला पाहिजे.

पहिली जोडणी देखभाल पुस्तिका उघडी ठेवून. खिळ्या साफ करून सांगितलेलंच ग्रीस, दोन्ही पंखांच्या जोडण्या, टेलप्लेनचा (आडव्या शेपटीचा) बोल्ट आणि त्याची सेफ्टी. एलरॉन-एअरब्रेकच्या जोडण्या हाताने बसवायच्या असतील तर प्रत्येक गोळा सॉकेटमध्ये बसून कुलूप लागलंय हे ओढून बघायचं आणि पिन घालायची. मग एकाने आत बसून नियंत्रणाची कांडी हलवायची आणि दुसऱ्याने बाहेर पृष्ठभाग हाताने अडवून विरोध करायचा. नुसतं हलताना बघणं पुरत नाही, कारण अर्धवट बसलेली जोडणी विरोध नसताना बरोबर हलते. ढिली जोडणी जमिनीवर सापडायला हवी.

वेळापत्रक खान्देशच्या उन्हाप्रमाणे आखा. फायबरग्लासच्या ग्लायडरांची ताकद ठरवताना सांगाड्याचं तापमान साधारण ५४ अंशांपर्यंत धरलेलं असतं आणि त्यासाठीच ते पांढरे असतात. जळगावात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, उन्हातल्या बंद कंटेनरमध्ये ६० च्या पुढे. सप्टेंबरअखेर जहाजात चढवलेला ग्लायडर नोव्हेंबरमध्ये इथे उतरतो. तांबड्या समुद्राची वाट बंद असल्यास आफ्रिकेला वळसा पडून आणखी दहा-बारा दिवस लागतात, तरी पाऊस आणि ऊन दोन्ही टळतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तपासण्या होतात. आणि हँगर पत्र्याचा असेल तर ग्लायडर ठेवायच्या आधी छताखाली थर्माकोल किंवा तुराट्यांचा जाड थर द्या, दोन्ही टोकांना वारा वाहता ठेवा, आणि पंखांवर पांढरं सुती आवरण घाला. काळी ताडपत्री चालणार नाही.